बंबापुढचा वाचक

मळवलीच्या एका बंगल्यात मी रहस्यकथेचा साचा मोडायला गेलो होतो. माझ्या कादंबरीत पहिल्याच पानावर खून होणार होता आणि खुनी शेवटपर्यंत सापडणार नव्हता. मराठीत असलं धाडस आजवर कुणी केलेलं नाही, असं मी प्रकाशकाला छातीठोकपणे सांगितलं होतं.

बंगला राखणाऱ्या आबांचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी ते माझी रद्दीची टोपली घेऊन अंघोळीच्या बंबापुढे उकिडवे बसत. मी चुरगळून टाकलेलं एकेक पान गुडघ्यावर सरळ करत, ओठ हलवत वाचत आणि मगच जाळात घालत. पान रंगलं की माझी अंघोळ लांबायची.

आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, "सायेब, खून कुनी केला?"

"ते कळणारच नाही, आबा. तीच तर गंमत आहे," मी जरा ऐटीत म्हणालो.

त्यांनी हातातलं पान बंबात सारलं. "मागं हितं एक म्याडम आल्त्या लिवायला, त्यांचा बी खुनी सापडला न्हाई. त्याच्या आदी दाढीवाले सायेब, त्यांचा बी न्हाई. आता तुमचा." मग फुंकणीनं जाळ फुलवत म्हणाले, "येकदा कुनीतरी धरा की त्याला. कायतरी नवीन वाचाया मिळंल."

दुपारी मी शेवटचं प्रकरण मुकाट्यानं टोपलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाणी लवकर तापलं. आबांनी एकही पान वाचलं नव्हतं.