बावन्न हिमोग्लोबिन

कंपनी हैदराबादची, पण मी काम करायचे आदिलाबादच्या घरातून. जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतलं अ‍ॅप आणि बेज्जूरकडच्या जंगलातल्या उपकेंद्रांतल्या नर्सबाईंच्या टॅबलेटमधलं अ‍ॅप, या दोघांत रक्ताचे रिपोर्ट पोचवायचं काम माझ्याकडे होतं. पाठवण्याआधी माहिती बाइट्सच्या ओळीत मांडावी लागते, त्याला सीरियलायझेशन म्हणतात. आधीचा प्रकार साध्या मजकुराचा, लांबलचक होता; तो तिथल्या नेटवर्कला झेपत नव्हता, म्हणून नवा निवडायचा होता.

आमच्या वरिष्ठांनी ऑफिसच्या लॅपटॉपवर चाचणी घेतली आणि सगळ्यांत वेगवान प्रकार निवडला. त्यात फक्त आकडे, ठरलेल्या क्रमाने. मला दुसऱ्या क्रमांकाचा हवा होता. त्यात प्रत्येक आकड्याबरोबर त्याचा ओळख-क्रमांक जातो. नवा रकाना आला, तर जुनं अ‍ॅप तो अनोळखी क्रमांक सोडून पुढचं नीट वाचतं.

"तुमचा प्रकार हळू आहे," वरिष्ठ म्हणाले.

"डोळ्याला कळणारही नाही इतकाच. आणि तिथले टॅबलेट महिनोन्‌महिने अपडेट होत नाहीत, सर. डाउनलोड अर्ध्यात तुटतं."

"तो त्यांचा प्रश्न. तुम्ही मंजुरीपत्रावर सही करा."

मी सही केली नाही. त्यांनी दोनदा मेल पाठवला, दोन्ही वेळा मी 'नाही' एवढंच लिहिलं. बाबा झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले, साहेब म्हटलं की उठून उभे राहणारे. ते शेजारच्या खोलीतून सगळं ऐकत होते.

"बाई, त्या सायबासंग काऊन भांडून राह्यली? नोकरी नको हाये का तुले?"

"भांडून नाही राह्यली बाबा. सही नाही करून राह्यली, एवढंच."

दुसऱ्या दिवशी बस धरून मी एका उपकेंद्रावर गेले. तिथल्या नर्सबाईंच्या टॅबलेटवर वरिष्ठांचा वेगवान प्रकार वाचणारं अ‍ॅप चढवलं. मग रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या आधी वजनाचा नवा रकाना घातला, टॅबलेट मुद्दाम त्याच, हा रकाना नसलेल्या अ‍ॅपवर ठेवला, आणि आवाराबाहेर जिथे थोडी रेंज मिळते तिथे उभी राहून वरिष्ठांना व्हिडिओ कॉल लावला. एका काल्पनिक बाईचा रिपोर्ट पाठवला. तो खरंच झटकन आला.

नर्सबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि कॉलवरच्या आमच्या साहेबांनाच सरळ विचारलं, "साहेब, हिमोग्लोबिन बावन्न? तेरा-चौदा म्हणजे पुष्कळ झालं. अशी बाई मी तरी अजून पाह्यली नाही."

क्रम बदलल्यामुळे जुन्या अ‍ॅपने वजन हिमोग्लोबिनच्या जागी वाचलं होतं.

वरिष्ठांनी आकडा मोठ्याने वाचला. मग नर्सबाईंना विचारलं, "या आकड्यावर तुम्ही काय कराल?"

"हसेन," नर्सबाई म्हणाल्या. "पण असाच चुकीचा आकडा दहा-अकरा आला असता, तर खरा समजून बाईला घरी पाठवलं असतं."

वरिष्ठांनी कॉल बंद केला. संध्याकाळी त्यांचा मेल आला: तुमचा प्रकार घ्या, पण तारीख पुढे जाणार नाही. मीही पुढे जाऊ दिली नाही. काम वेळेत झालं. नंतर एकदा रिपोर्टमध्ये रकाना वाढला, तेव्हा जुन्या टॅबलेटांनी तो गुपचूप वगळला आणि बाकीचं बरोबर वाचलं.

वर्षअखेरीच्या शेऱ्यात माझ्याबद्दल लिहिलं होतं, 'वरिष्ठांचं ऐकत नाही.' खाली कर्मचाऱ्याच्या उत्तरासाठी जागा असते. बहुतेक जण ती रिकामी सोडतात. मी लिहिलं, 'पुरावा दाखवला तर ऐकते,' आणि त्याखाली सही केली.