मिक्सरच्या आवाजात टिकणारे शब्द

आईचा फोन आला तेव्हा मी शहराबाहेर ओरगडमच्या कारखान्यात, ऑफिसच्या खिडकीशी उभी होते. "गोविंदकाका... सकाळी खुर्चीतच," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं. दुसरं काही कुठल्याच भाषेत सुचलं नाही.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. शहरात, मैलापूरला आमच्याच घरात, आतल्या खोलीत राहायचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते एक नवी भाषा घडवायला बसले. मी तेव्हा शाळेत होते. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तमिळ, घरी आमची तंजावरी मराठी. कुणी हसेल या धाकाने मी तिन्हींत गप्प असायची. काकांची भाषा माझ्यापेक्षा जास्त कुणालाच येत नव्हती. तिच्यात मी बोलले.

मूळ शब्द निवडायची त्यांची एक रीत होती. शेजारीपाजारी कुणाचीही जीभ जिथे अडखळेल तो आवाज बाद. त्यामुळे उत्तरेकडच्या शेजाऱ्यांपायी 'ळ' पहिल्याच दिवशी गेला. दोन शब्द जोडून भागत असेल तर तिसरा घ्यायचा नाही. 'नेपू' म्हणजे डोळा, 'तुमो' म्हणजे पाणी; मग अश्रूंना वेगळं मूळ कशाला? शेवटची परीक्षा मिक्सरची. स्वयंपाकघरात आई चटणी वाटायला लागली की काका आपल्या खोलीच्या दाराआडून सकाळी शिकवलेला नवा शब्द पुकारायचे. मी बाहेरून ऐकून नेमकी ती वस्तू घेऊन गेले, तर ते दाराची कडी दोनदा वाजवायचे. शब्द पक्का. "एकट्याने केलेला शब्द शब्दच नव्हे," म्हणायचे.

आई वैतागायची. "भावजी, तीन भाषांत या घरातली भांडणं मिटत नाहीत, चौथी कशाला?"

"चौथीत भांडणाला शब्दच ठेवला नाही, सरस्वती."

एकदा मी विचारलं, मेलेल्या माणसाला काय म्हणायचं? ते बराच वेळ कॉफी निववत राहिले. "ते मूळ सावकाश निवडू. घाई नाही..."

ते राहूनच गेलं. आता मिक्सर सुरू झाला की माझे कान आतल्या खोलीकडे लागतात. कधी कधी मी उठतेसुद्धा. ऐकणारी मी आहे, पुकारणारं कुणी नाही. म्हणजे त्या भाषेतही मी पुन्हा गप्पच.

परवा त्यांच्या खुर्चीशेजारी बसले होते. मिक्सर चालू होता. नकळत तोंडून निघालं, "तुमो." मिक्सर थांबला. आई पाण्याचा टंबलर घेऊन दारात उभी.

"कां गे, अशी बघतेस? इतकी वर्षं चटणी वाटताना माझे कान बंद होते का?"

तिने टंबलर माझ्या हातात दिला आणि खुर्चीकडे पाहिलं.

"गेलेल्या माणसाला शब्द केला होता का त्यांनी?"

"नाही."

"मग तू कर. मी मिक्सर लावते."

मी काकांच्या जागी, दाराआड उभी राहिले. मिक्सर घरघरायला लागल्यावर शब्द पुकारला. तो इथे लिहीत नाही.

आई आली. हात रिकामे होते.

मी कडी दोनदा वाजवली.