बकारामनं मोह खाल्ला

बस धानाच्या बांधीत घातली ती मी. चालवत होता बकाराम, पण घातली मी. गोंदियाच्या बाजारात खटक्याची नवी छत्री घेतली होती, आणि तो खटका शेजारी बसलेल्याला दाखवल्याशिवाय मला तिरोडा गाठवेना. बकारामच्या अगदी मागे बसून मी तो दाबला. छत्री फडाडून उघडली ती थेट त्याच्या डोळ्यांपुढे. चैताची कोरडी बांधी, म्हणून गाडी धुऱ्याच्या बांधाला टेकून नुसती कलली. आम्ही सगळे धडधाकट. बकारामच्या कपाळावर मात्र स्टेरिंग लागून लिंबाएवढं टेंगूळ आलं.

नेमके मागून फौजदार आले. आमचा भाग मुंबई राज्यात गेल्यापासून घाटावरचे साहेब इकडे बदलून येत, हे साताऱ्याकडचे. माणूस वाईट नव्हता, कायद्याचा पक्का होता. ड्रायव्हर प्यालेला असल्याचा संशय घ्यायला वाजवी कारण लागतं, ते असलं की वॉरंटाशिवाय धरता येतं, हे त्यांनी आम्हाला भर उन्हात समजावून सांगितलं. टेंगळामुळे बकाराम झोकांड्या खात होता, हे एक कारण. तोंडाला गोडसर वास, हे दुसरं.

"मोह घेतलास?" साहेबांनी विचारलं.

"खाल्ला जी. मायनं बांधून देल्ला होता."

आमच्याकडे मोहफुलं भाजून, जवसासोबत कुटून लाडू करतात. पण साहेबांना मोहाचा एकच अर्थ ठाऊक, तो बाटलीतला. मी मधे पडलो, छत्रीचं सांगितलं, मोह इथे सगळेच खातात म्हणालो. तशी मागून सुमित्राबाई म्हणाली, "आमीबी खाल्ला ना साहेब. पोरायनंबी खाल्ला." बसभर माना हलल्या. साहेब दोन पावलं मागे सरले. आता त्यांच्या लेखी अख्खी बस प्यालेली होती, आणि छत्रीवाला मास्तर, म्हणजे मी, सगळ्यांत जास्त.

डॉक्टरनं 'वास येतो' एवढं लिहिलं. कशाचा, ते कोणी विचारलं नाही. बकारामचं लायसन निलंबित झालं.

वरातीतसुद्धा हा माणूस चहाच मागायचा. त्याची आई जमुनाबाई, लोकांच्या बांधीत धानाची रोवणी करून तिनं त्याला ड्रायव्हर केलं. वाचता येत नव्हतं, पण दर दसऱ्याला त्या लायसनला कुंकू लावायची. आपल्या हातच्या लाडवानं पोराची रोजी गेली, हे तिच्या मनानं घेतलं. तिनं उखळ पालथं घातलं. गोंदियाहून येईल त्याला विचारायची, पोराचा कागद आला का.

मी जाऊन सांगितलं, चूक छत्रीची होती, म्हणजे माझी होती. तिनं माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"तुमी भले मानूस, मास्तर. माह्यासाठी खोटं बोलून राहिले."

भादव्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

पुढे धान निसवायला लागलं तेव्हा निकाल लागला. मॅजिस्ट्रेट भंडाऱ्याकडचे, मोह खाऊन वाढलेले. खाल्ल्याचा वास हे प्याल्याच्या संशयाचं कारण होत नाही, म्हणाले, आणि लायसन परत दिलं. ते घेऊन मी धावतच बकाराम मजुरीला होता त्या बांधीवर गेलो. तो निंदत होता. चिखलाचे हात धोतराला पुसून त्यानं लायसन घेतलं, उलटून पाहिलं, आणि पुन्हा माझ्याच हातात ठेवलं.

"अरे, मालकानं बोलावलंय," मी म्हणालो. "उद्यापासून गाडीवर ये. काऊन नाही घेत?"

"माय गेली जी, आता कोनाले दाखवू?"