उदास म्हणजे काय, हे मारिसेल सांगते

पायसांदू गावात माझं ताज्या पास्त्याचं दुकान आहे. मारिसेल विशीत तिथे कामाला लागली, आता चाळिशीकडे आली. सारण भरलेल्या पास्त्याच्या, रविओलीच्या, कडा बोटांनी दाबून बंद करायच्या, ट्रेवर कोरडं पीठ भुरभुरायचं आणि गिऱ्हाईक रेंगाळलं तर त्याची विचारपूस करायची, हे तिचं काम. विचारपूस मी सांगितलेली नाही, ती तिनं स्वतःहून अंगावर घेतली. तिला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे. काही अक्षरं जिभेखाली अडकतात, हिशेब जमत नाही, पण गल्लीत कोण कुणावर रुसलंय हे सगळ्यांत आधी तिला कळतं.

सकाळी दुकान आणि दुपारी नदीकाठचं केंद्र, असा तिचा दिवस. केंद्रात तिच्यासारखी मोठी माणसं विणकाम करतात, रोपं लावतात, नाचतात. तिथे तिची मैत्रीण होती, यानिना. यानिना जेमतेम चार शब्द बोलायची, मारिसेल दोघींचं बोलायची. शाळेत होत्या तेव्हापासून दोघींच्या खुर्च्या शेजारी शेजारी.

एका शरदात यानिना यायची बंद झाली. तिच्या आईचं वय झालं होतं, म्हणून भाऊ येऊन तिला राजधानीत, माँतेविदेओला, आपल्या घरी घेऊन गेला. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मारिसेलला मात्र कुणी सांगितलं नाही.

"ती आजारी आहे असं सांगितलंय मी," तिची आई ओफेलिया मला म्हणाली. "चार दिवस विचारेल, मग विसरेल. उगाच जखम कशाला करायची पोरीला?"

ओफेलियाच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्याकडे अशा मुलांना असंच वाढवतात. वाईट बातमी आली की आधी दार लोटून घ्यायचं.

मारिसेल रोज विचारायची. मग तिनं विचारणं सोडलं. तिचं खाणंही सुटलं. दुकानात कडा नीट दाबल्या जाईनात, गिऱ्हाइकांच्या घरी रविओली पाण्यात फुटायला लागल्या. आमची नेहमीची गिऱ्हाईक सेन्योरा पेर्ला भांडायला आली, तर मारिसेलनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एरवी तिनं पेर्लाला नातवाच्या लग्नापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं विचारलं असतं. काही विचारलं की एकच उत्तर, "पोट दुखतं."

पोटाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त झालं, थायरॉइड झालं. काही निघालं नाही. एका डॉक्टरांनी ओफेलियाला समजावलं, की अशा लोकांना म्हातारपण लवकर येतं, स्वभाव बदलतो, सवय करून घ्या. त्या दिवशी ओफेलिया माझ्या दुकानात पिठाच्या पोत्यावर येऊन बसली.

"सवय करून घ्या म्हणे," ती म्हणाली. "जी पोर रेडिओ लागला की झाडू घेऊन नाचायची, तिची सवय आहे मला. हिची नाही."

वस्तीतल्या दवाखान्यात फ्लोरेन्सिया नावाची मानसोपचाराची एक बाई नवीन आली होती. मी दुकान बंद केलं आणि दोघींना घेऊन गेले. फ्लोरेन्सियानं खुर्ची ओढली ती थेट मारिसेलच्या समोर. आम्ही दोघी बाजूला.

"तुला काय होतंय?" तिनं विचारलं.

"तिला भूक लागत नाही हो, आणि—" ओफेलियानं सुरुवात केली.

"ताई, तुमचंही ऐकणार आहे मी. पण आधी हिचं."

मला राहवेना, पण फ्लोरेन्सियाला कसली घाई दिसली नाही. शेवटी मारिसेल म्हणाली, "पोट दुखतं."

"पोटात काय आहे असं वाटतं?"

"ओलं पीठ. जड. हलत नाही."

"कधीपासून आहे ते?"

"यानिना मेली तेव्हापासून."

ओफेलियाच्या हातातली पर्स खाली पडली. इतके महिने पोर मनातल्या मनात मैत्रिणीचं सुतक पाळत होती आणि आम्ही तिच्या पोटाचे फोटो काढत होतो.

"मेली नाही गं बाळा," ओफेलिया रडायला लागली. "माँतेविदेओला आहे, भावाकडे. छान आहे ती."

मारिसेलनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग खोटं का बोललात?"

ओफेलियानं सांगितलं, "तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट वाटलंच की."

फ्लोरेन्सियानं तिला सोप्या भाषेत सांगितलं. वाईट सगळ्यांनाच वाटतं. पण ते मुक्कामाला आलं, जेवण, झोप, नाच सगळं घेऊन गेलं, तर तो आजार असतो. त्याला नैराश्य म्हणतात. तो हट्ट नाही, आळस नाही, आणि तुझी चूक तर नाहीच. त्यावर औषध आहे, बोलणं आहे, आणि बरं वाटायला वेळ लागतो.

मारिसेलनं तो शब्द म्हणून पाहिला. दोनदा अडखळली. "फार मोठा शब्द आहे."

"आहे. पण तुझ्या उपयोगाचा आहे."

औषध सुरू झालं. दर आठवड्याला फ्लोरेन्सियाशी गप्पा, आणि रविवारी फोनवर यानिनाचा चेहरा. यानिना चारच शब्द बोलायची, पण दिसायची. फरक हळूहळू पडला. मला कळला तो एका सकाळी, मारिसेलनं पेर्लाला दारातच अडवलं तेव्हा. "नातवानं तुला लग्नात नाचवलं की नुसतंच बसवून ठेवलं?" पेर्ला इतकी खूश झाली की जास्तीचा पास्ता घेऊन गेली.

बरी झाल्यावर मारिसेलनं फ्लोरेन्सियाला एक प्रश्न विचारला. "हे एदगार्दोला कुणी सांगितलंय?"

एदगार्दो तिच्या केंद्रातला उंच, गप्प माणूस. शिक्षक बदलले किंवा आवाज वाढला की तो स्वतःच्या डोक्यावर तळहात मारायचा. सगळे म्हणायचे, आला ह्याचा झटका. त्याला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं.

"मग मी सांगते," मारिसेल म्हणाली.

"आपण दोघी मिळून सांगू," फ्लोरेन्सिया म्हणाली.

केंद्रात दर गुरुवारी त्यांची बैठक सुरू झाली. फ्लोरेन्सियानं हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं आणली होती. मारिसेलनं ती बाजूला ठेवायला लावली. "असं तोंड कुणाचं असतं?" मग त्यांनी एकमेकांचेच फोटो काढले. चिडलेला एदगार्दो, घाबरलेली मारिसेल, केंद्रातला कंटाळलेला स्वयंपाकी.

पहिल्या दिवशी मारिसेलची जीभ अडकली. सगळे बघत होते, ती उठून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. फ्लोरेन्सिया माते, म्हणजे आमचा कडवट पानांचा चहा, घेऊन तिच्या शेजारी बसली, दोघींनी आळीपाळीनं घोट घेतले. मग मारिसेल आपण होऊन आत गेली आणि म्हणाली, "माझ्या पोटात ओलं पीठ होतं. त्याला नैराश्य म्हणतात. मी वेडी नाही. मी आजारी होते."

एदगार्दो म्हणाला, "मला मुंग्या येतात."

"कुठे?"

त्यानं मानेवर हात ठेवला.

"नवीन सर येतात तेव्हा?"

"हो."

"ती काळजी आहे. मुंग्या आल्या की कुणाला तरी सांगायचं. कुणाला सांगशील?"

"तुला."

"आणि मी नसले तर?"

त्यानं दाराकडे पाहिलं. "स्वयंपाक्याला. तो ओरडत नाही."

स्वयंपाकी दारात उभा होता, तो लाजून लगबगीनं स्वयंपाकघरात निघून गेला. पुढे एदगार्दो खरंच त्याच्याकडे जायला लागला. डोक्यावर हात मारणं पूर्ण थांबलं नाही, पण आता आधी तो मानेवर हात ठेवून स्वयंपाकघरात जातो, आणि स्वयंपाकी गॅस बंद करून त्याच्यासोबत अंगणात फिरतो.

मला सगळ्यांत मोठा अभिमान वाटला तो मात्र माझ्याच दुकानात. एकोणतीस तारीख होती. दर महिन्याला त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी नोकी, म्हणजे बटाट्याच्या पास्त्याचे छोटे गोळे, लागतात, रांग रस्त्यावर गेली होती. मारिसेल ॲप्रन सोडत माझ्याकडे आली.

"डोरा मावशी, पीठ परत येतंय. थोडंसंच आहे. मी फ्लोरेन्सियाकडे जाते."

"आत्ता? बाहेर बघ की जरा."

"बघितलं. तरी जाते."

आणि ती गेली, एकटी, रांगेतल्या ओळखीच्यांना हात करत. तिचा हात धरून कुणी नेलं नाही, तिच्या वतीनं कुणी बोललं नाही. आजार दारात असतानाच तिनं त्याला ओळखलं होतं.

पेर्लानं विचारलं, "मुलगी कुठे निघाली?"

"डॉक्टरांकडे. उदास वाटतंय तिला."

पेर्लानं नोकी घेतल्या, पण हलली नाही. मागचे लोक कुरकुरायला लागले. मग ती काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "एवढ्यासाठी जाता येतं?"

"येतं की."

"मारिसेल आली की तिला म्हणावं, मला तो पत्ता हवाय."

ह्या वसंतात नगरपालिकेच्या सभागृहात पालकांसाठी बैठक झाली. मारिसेल आणि एदगार्दो मंचावर, फ्लोरेन्सिया खाली श्रोत्यांत. मारिसेलनं निळा ड्रेस घातला होता आणि माईक तोंडाला जवळजवळ चिकटवला होता. शेवटी एक बाप उभा राहिला. त्याची बायको इस्पितळात होती, मुलाला त्यानं आई मामाकडे गेलीय असं सांगितलं होतं.

"त्याला सांगू का?" त्यानं मारिसेललाच विचारलं.

"सांगा," ती म्हणाली. "तो रडेल. तुम्ही पण रडा. मग दोघं जेवा."

तो खाली बसला. ओफेलिया माझ्या शेजारी होती. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी पीठ मळताना दुखत होता. "माझी मुलगी आहे ती," ती पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईला सांगत होती, "ती बोलतेय ना, निळ्या ड्रेसातली, ती माझी."