मोहाखालचा पाला

आमच्याकडे मोह गळायला लागला की आधी झाडाखाली काडी लावतात. वाळलेला पाला जळून जातो, जमीन साफ होते आणि पहाटे पडलेली पिवळट फुलं दुरून दिसतात. वेचणं सोपं होतं. जळक्या वासाने अस्वलही फिरकत नाही, असं सासूबाई म्हणत. मोहफुलांवर अस्वलाचा जीव, त्यामुळे त्यांचं म्हणणं काही उगीच नव्हतं.

लग्न होऊन मी ब्रह्मपुरीकडून चामोर्शीजवळच्या या गावात आले, तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते लेकीमुळे. ती सात वर्षांची असताना आमच्या मोहाखालच्या राखेत तिला दोन अंडी सापडली, भाजून तडकलेली. रातवा हा पक्षी जमिनीवरच अंडी घालतो, पाल्यातच. पोरगी दिवसभर जेवली नाही. मी तोऱ्यात जाहीर केलं, आता आपल्या झाडाखाली जाळायचं नाही, खराट्याने झाडायचं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. दीर म्हणाले, "वयनी, जंगल झाडून राह्यल्या का आता? मंग दिवाळीले सारवून बी टाका!"

मी त्यांना चार शब्द सुनावले आणि खराटा उचलला. दोन वर्षं आम्ही मायलेकींनी झाडलं. झाडता झाडता मी तिला जंगल शिकवलं. कुठलं पाखरू कुठे घरटं करतं, कुठल्या झाडाचा डिंक ओरबाडायचा नाही, आणि अस्वल दिसलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूच मागे सरायचं. तिला सगळं तोंडपाठ होतं. वाटेतल्या गुटख्याच्या पुड्या ती वेचून घरी आणायची आणि आजीला विचारायची, ह्या कुठी टाकू? मला भारी अभिमान होता तिचा.

तिसऱ्या वर्षी गावाच्या कडेला अस्वल दिसू लागलं. संध्याकाळी दीर ओसरीवर बसून म्हणाले, "उद्या मी पाला जाळतो. पोरीचा जीव मोठा का पाखराचे अंडे मोठे?"

नवरा नोकरीला अहेरीला, रविवारी यायचा. मी म्हटलं, "उद्या पाहू." दाराशी बसलेली लेक एकदा माझ्याकडे, एकदा काकाकडे पाहत होती.

रात्रभर तापलेल्या माझ्या धाकट्या मुलाचा ताप पहाटे उतरला तसा माझा डोळा लागला. जागी झाले तर लेकीचं अंथरूण रिकामं आणि कोपऱ्यातला खराटाही नाही. काका जाळायच्या आत झाडून टाकायला ती एकटीच गेली होती. झोपलेलं पोर सासूबाईंच्या मांडीवर टाकलं, दिरांना हाक मारली आणि पायात चप्पलही न घालता पळाले.

शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या पलीकडे आमचं झाड आहे. नुकतं फटफटलं होतं. आधी ऐकू आला तो आवाज, फुर्र फुर्र, नाकाने ओढल्यासारखा. मग ते दिसलं. अस्वल खाली मान घालून फुलं खात होतं आणि पलीकडे माझी लेक उभी होती, खराटा छातीशी धरून. मधे एखादी बैलगाडी उभी राहील एवढीच जागा.

मी जागीच थांबले. ओरडले तर ते तिच्यावर जाईल, नाही ओरडले तर आणखी काय होईल, काही सुचेना. ती पळत नव्हती, रडत नव्हती. मागे सरायचं मीच शिकवलं होतं, पण तिच्या पाठीला मोहाचा बुंधा होता. सरणार कुठे? अस्वलाने मान वर केली, हवेत नाक फिरवलं. त्या क्षणी मला जंगल, पाखरं, अंडी, कशाकशाचा राग आला. सगळं जळून जावं असं वाटलं.

मागून दिरांचं खाकरणं ऐकू आलं. अस्वल वळलं आणि डुलत पळसांच्या गर्दीत शिरलं.

मी धावत जाऊन आधी तिच्या थोबाडीत एक दिली आणि मग तिला पोटाशी धरलं. तिचा परकर ओला झाला होता. तेवढ्यात दीर आले, एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्यात काडेपेटी. ते वाकून पायाखालची नखांची खूण पाहू लागले.

लेक म्हणाली, "काका, जाळा. सारं जाळून टाका."

ज्या गोष्टीसाठी मी घरात एवढी भांडले ती तिच्यातून निघून चालली होती, आणि मला तिला थांबवता येईना. मलाही तेच म्हणायचं होतं.

दिरांनी तिच्याकडे पाहिलं. काडेपेटी खिशात टाकली.

"नाई," ते म्हणाले. "आता जाळलं तं तू जलमभर जंगलात पाय ठेवनार नाई. झाड तू. मी उभा हावो इथी."

ते आमच्याकडे पाठ करून पळसांकडे तोंड करून उभे राहिले. लेक बराच वेळ मला चिकटून होती. मग एका हाताने माझा पदर घट्ट धरून, दुसऱ्या हाताने ती झाडू लागली.