मागच्या बाई

"सर, 'हे' म्हणजे कोणतं? नावानं सांगा." शेवटच्या बाकावरून असा आवाज आला की फळ्याशी उभ्या गणिताच्या सरांच्या कपाळावर आठी पडायची. विचारणारी मुलगी नव्हती, बाई होत्या. एका वर्गात एका वेळी दोन शिक्षक, हा प्रकार आमच्या हिंगणघाटात तोवर कुणी पाहिला नव्हता. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वडनेरहून एस.टी.ने येणाऱ्या शांताला दिसत नव्हतं. तिला आमच्याच नववीत शिकता यावं म्हणून बाईंना खास नेमलं होतं. आम्ही त्यांना मागच्या बाई म्हणायचो.

सरांचं शिकवणं म्हणजे 'हे इकडे नेलं, ते तिकडे गेलं.' बाई ते शांताला हळू आवाजात उलगडून सांगायच्या, तिच्या तळहातावर बोटाने त्रिकोण काढायच्या. "ज्याले दिसते, त्यालेही समजलं पाहिजे ना!" असं वर म्हणायच्या. खरं सांगते, मला भूमिती आली ती सरांमुळे नाही, त्या कुजबुजीमुळे. मी मुद्दाम त्यांच्या पुढच्याच बाकावर बसायचे.

मग तपासणीला साहेब आले. बाईंना ठेवायचं की नाही, ते ठरायचं होतं. त्यांनी वर्गालाच विचारलं, "दोन शिक्षकांचा त्रास होतो का?" मी मॉनिटर. सर माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या मर्जीतून उतरायच्या भीतीने मी उभी राहून बोलून गेले, "मागून आवाज येते, साहेब. लक्ष लागत नाई." सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. मेंढरं नुसती! शांता तेवढी खाली मान घालून बसली होती.

महिन्याभरात बाईंना त्यांच्या गावी, आर्वीला परत पाठवलं. जाताना त्या माझ्यापाशी आल्या. आता खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "तू खोटं नाई बोलली. आवाज तर येतच होता. आता तू मागं बस. शांतेले सांगत जाजो."

मी बसले. पाच दिवस सांगितलं. सहाव्या दिवशी सर कडाडले, "मागे कुजबुज कोण करतंय?" मी हात मागे घेतला. शांताचा तळहात बाकावर उघडा होता. तास संपेपर्यंत मी त्याला बोट लावलं नाही. सोमवारी वडनेरची एस.टी. आली, तिच्यातून शांता उतरली नाही. नंतरही कधी नाही.

बाईंनी माझ्या हवाली केलेली ती एकच गोष्ट. दहा वर्षांनी बाई वारल्याचं कळलं. तोवर आर्वीला जाऊन त्यांना हे सांगायचा धीर मला झाला नव्हता.