देव्हाऱ्यामागचं पाकीट

लालबागची ती जळकी टॅक्सी इतक्या वर्षांनीही माझी पाठ सोडत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. पोलीस ठाण्यात आम्हा फौजदारांना धड जेवायला फुरसत नव्हती, आणि त्यात हे विम्याचं लचांड.

टॅक्सी मालवणकडच्या एका ड्रायव्हरची, बायकोचे दागिने मोडून घेतलेली. इंजिनाने पेट घेतला, असा जबाब देऊन त्याने विमा कंपनीकडे क्लेम केला होता. पंचनामा मीच केला. मागची सीट जळून कोळसा, आणि बॉनेटखालच्या रबरी नळ्या धड! म्हणजे गडी खोटं बोलत होता. दोन दिवसांनी ठाण्यात निनावी चिठ्ठी आली. 'गाडी त्यानेच जाळली. गाडीतली देवाची तसबीर त्याच्या घरी शाबूत आहे.' अक्षर कोणाचं ते कधीच कळलं नाही.

दोन पंच घेऊन मी त्याच्या चाळीत गेलो. तसबीर खरंच देव्हाऱ्यात होती, काचेला साधा धूरही लागला नव्हता. माझं डोकं सटकलं.

"देवाला उतरवलंस आणि मग काडी लावलीस, होय रे? खडी फोडायला पाठवीन!"

"इंजिनच पेटला, सायेब," तो मान खाली घालून पुटपुटला. तेवढ्यात शेगडीपुढून त्याची बायको उठली.

"सायबानू, हे खोटा सांगतत. गाडी जमावान जाळली. त्यांच्यातल्याच एकान आधी तसबीर काढून ह्यांच्या हातात दिल्यान. दंगलीत जळली तर कंपनी पैशे देणा नाय, असा गॅरेजवाल्यान सांगितल्यान, म्हणून हे..." तिने हातातला चिमटा खाली ठेवला. "गाडी गेली ती गेली. खोट्याचे पैशे आमका नको. काय करूचा ता करा."

खरं सांगितलं तर फुटकी कवडी मिळणार नाही, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. तरी बोलली!

पुरावा म्हणून तसबीर उचलली, तर मागे एक लांब पाकीट. हळदीकुंकवाने माखलेलं, चिकटवलेलं तसंच.

"हे काय?"

"विम्याचो कागद," नवरा म्हणाला. "दर दसऱ्याक गाडीबरोबर पुजतंव."

"कधी उघडला नाहीस?"

"पुजेचो कागद, सायेब. आणि इंग्रजी कोणाक येता?"

क्लेमचा फॉर्म गॅरेजवाल्यानेच हप्त्याच्या पावतीवरचा पॉलिसी नंबर बघून भरून दिला होता. पंचांसमक्ष मी पाकीट फोडलं. पॉलिसीच्या मागे एक कागद डकवलेला होता. दंगल आणि संपात झालेलं नुकसानही भरून मिळेल, त्यासाठी जादा हप्ता घेतला आहे, असं त्यावर स्वच्छ छापलेलं. मी दोनदा वाचलं. मराठीत समजावून सांगितलं तेव्हा नवरा ढसाढसा रडला. बाईने देवाला फक्त हात जोडले.

कंपनीचा साहेब मात्र अडून बसला. "पहिला जबाब खोटा. क्लेम रद्द." नियमाने त्याचं बरोबरच होतं. मी पंचनामा पुढे सरकवला. बाईने खरं सांगितलं तेव्हा पाकीट बंद होतं, हे त्यात पंचांच्या सह्यांनिशी लिहिलं होतं. साहेबाने पंचांच्या सह्या एकेक करून तपासल्या, मग क्लेमवर सही केली.

नोकरीत भल्याभल्यांना खोटं बोलताना पाहिलं. नुकसान समोर दिसत असताना खरं बोलणारी माणसं फार थोडी भेटली, आणि त्या बाईसारखं कोणीच नाही. पॉलिसी घेतली की आधी वाचावी, हेही त्याच खोलीत शिकलो. त्या संध्याकाळी प्रभादेवीला घरी आलो आणि आमच्या देव्हाऱ्यामागून घराच्या विम्याचं पाकीट ओढून काढलं. त्यावरही कुंकवाची बोटं होती, आणि तेही अजून फोडलेलं नव्हतं.